खंडेनवमीचं तेल

आमच्या घरातल्या पुरुषांना मोटारीतलं काही कळत नव्हतं, हा काही त्यांचा गुन्हा नव्हे. मला शिवणयंत्रातलं कळत नाही आणि म्हणून मी शिवणयंत्राच्या वाटेला जात नाही. पण आमच्याकडे ज्याला जितकं कमी कळे, त्याचा आवाज तितका मोठा असे. त्यातून घर कोल्हापुरातलं, त्यामुळे तो आवाज पेठेच्या टोकापर्यंत आरामात पोचायचा.

मोटार घेतली सासऱ्यांनी. मी त्यांना मामंजी म्हणायची. संस्थान होतं तेव्हा ते पागेवर अधिकारी होते आणि माणसांपेक्षा घोड्यांत जास्त वावरले होते. संस्थान विलीन झालं, पागा मोडली, घोडे कुठं कुठं गेले. मामंजींजवळ फेटा आणि मिशा तेवढ्या राहिल्या. त्याच सुमाराला एका सरदारानं आपली विलायती मोटार विकायला काढली. मामंजींनी ती घेतली. ती चालवणार कोण, हे त्यांना विचारायची कुणाची छाती झाली नाही. गाडीबरोबर एक ड्रायव्हर आला होता. मामंजी त्याला रोज सकाळी घोड्याला करतात तसा गाडीला खरारा करायला लावायचे. तो बिचारा थोड्याच दिवसांत एका ट्रकवर निघून गेला. त्या घरात आलेल्या माणसांपैकी खरा शहाणा तोच.

मग आमचे हे शिकायला बसले. हे वकील. पहिल्याच दिवशी त्यांनी शेजाऱ्यांच्या शेणींची रास गाडीनं सपाट केली, आणि खाली उतरून शेजाऱ्यांनाच सांगितलं की रास बेकायदा जागेत होती. त्यानंतर त्यांनी चाकाला हात लावला नाही. मोटारीबद्दल बोलायचे मात्र पुष्कळ, आणि बोलताना डोळे मिटायचे.

उरले मी. माझे वडील कोडोलीला गुळाचे व्यापारी होते. त्यांच्याकडे एक जुनी मोटार होती आणि ती त्यांनी मला चालवायला शिकवली होती. मुलगा नाही म्हणून मुलीला शिकवलं, असं लोक म्हणायचे. तसं काही नव्हतं. त्यांना पान खात शेजारी बसून दोन्ही बाजूंची शेतं बघायला आवडायची आणि चालवणाऱ्याला ती बघता येत नाहीत, एवढंच कारण. शिकवलं मात्र नीट. नुसतं चाक फिरवायला नाही, गाडी दुखत असेल तर कुठं दुखते हे बघायलासुद्धा.

तर मामंजींनी नाइलाजानं मला चालवू दिली. आणि चार लोक कौतुक करायला लागल्यावर तो नाइलाज त्यांचा मोठेपणा झाला. "आमची सून मोटार चालवती," असं ते पानाच्या दुकानावर उभे राहून मिशीवरून हात फिरवत सांगायचे. जणू मला त्यांनीच लगाम घातला होता.

मला त्यांच्या मोठेपणाशी कर्तव्य नव्हतं. मला रविवार हवा होता. वडील गेल्यावर आई कोडोलीत एकटी राहिली होती आणि तिची नजर जवळजवळ गेली होती. शेजारीण भाकरी करून द्यायची. पण न्हायला घालायचं, केसातला गुंता काढायचा, धुतलेली लुगडी हाताला लागतील अशी रचून ठेवायची आणि मुख्य म्हणजे तिच्याजवळ बसून बोलायचं, ते मी दर रविवारी जाऊन करायची. यष्टी होती. पण आमच्या घराण्यात सून एकटी यष्टीत बसत नसे. सोबत पुरुष हवा. आणि आमच्या पुरुषांना रविवारी सवड नसे. ह्यांना झोप असायची, धाकट्या दिरांना तालीम. एकटीनं मोटार चालवत पन्हाळ्याच्या रस्त्यानं गेलेलं मात्र चालायचं. यष्टीत लोक बघतात म्हणून नको आणि मोटारीत लोक बघतात म्हणून हवं, असा तो न्याय होता. असो. चावी हातात होती तोवर मला आई होती, इतकं सरळ होतं ते.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता गाडीचे ब्रेक किंचाळायला लागले. थांबताना पुढच्या चाकांतून कर्रकन आवाज यायचा. त्यात काही नव्हतं. पावसाळ्यात चाकाच्या पोटात गंज धरतो, धूळ बसते, चार दिवस चालली की जाते. मी तसं सांगितलं. पण मामंजींना तो आवाज सोसेना.

"थांबताना खिंकाळतंय," ते म्हणाले. "जनावराला वळण न्हाई. लोक काय म्हणतील?"

पुढं नवरात्र आलं. खंडेनवमीला आमच्याकडे घरातलं झाडून सगळं हत्यार बाहेर निघायचं. भिंतीवरची तलवार, जंबिया, कोयते, विळी, अडकित्ता, माझी कात्रीसुद्धा. सगळं घासूनपुसून, तेलाचा हात फिरवून पाटावर मांडायचं, वर हळदकुंकू आणि झेंडू. सासूबाई आणि मी सकाळपासून चुलीपुढं होतो, घटावर बांधायच्या कडाकण्या तळत. बाहेर अंगणात ठोकाठोकी चालली होती. मध्येच धाकटे दीर दारात आले. मातीनं माखलेली तालमीतली छाती, हातात वाटी.

"वैनी, शेंगतेल द्या."

"कशाला?"

"पूजेला."

मी दिलं. पूजेला कुणी नाही म्हणतं का? बाहेर जाऊन बघितलं तेव्हा गाडीच्या चाकांखाली लिंबं होती, बॉनेटवर हार होता, आणि मामंजी अशा चेहऱ्यानं उभे होते की जणू समोर उमदा घोडाच उभा आहे.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी सगळ्यांना घेऊन मी दसरा चौकात गेले. पुढं माझ्या शेजारी मामंजी, मागं सासूबाई, हे आणि दीर. रस्त्याला ही गर्दी. गाडी मुंगीच्या पावलानं चाललेली, त्यामुळे ब्रेक जरा उशिरा धरतोय असं वाटलं तरी मी ते गर्दीवर ढकललं. ब्रेक किंचाळत मात्र नव्हते. मामंजींनी माझ्याकडे बघून मान डोलावली. का डोलावली, ते तेव्हा मला कळलं नाही.

मागून सासूबाई म्हणाल्या, "आजबी कुटंतरी कडाकण्या तळाय लागल्यात बघा."

सोनं लुटून झालं. मामंजींना परत जाताना गंगावेशीकडच्या एका पाहुण्यांना सोनं द्यायचं होतं, म्हणून मी गाडी तिकडं वळवली. गंगावेशीकडे रस्ता उतरतो. खाली कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी आणून उभ्या करतात, लोक तिथंच धारोष्ण दूध पितात. उतारावर मी ब्रेक दाबला. पेडल पायाखाली दगडासारखं घट्ट लागलं आणि गाडीनं मला ओळखच दिली नाही. ती चाललीच. मी दोन्ही पाय घालून दाबला. पेडल जागचं हललं नाही आणि गाडी थांबायचं नाव घेईना.

मग काय केलं ते सांगते, कारण ते कुणी सांगितलं नाही. मी गियर उतरवला, पुन्हा उतरवला, इंजिन ओरडलं, आणि हँडब्रेक आस्ते आस्ते वर ओढत नेला. एकदम ओढला असता तर गाडी फिरली असती. मागची चाकं धरली. गाडी घासत, कण्हत एका म्हशीच्या कुशीला दिवा टेकवून थांबली. म्हैस एक पाऊल सरकली. दुधाची एक चरवी तेवढी कलंडली.

गवळी ओरडत आला. "ओ पावणं! म्हशीवर घालताय का काय?" मग त्यानं आत वाकून बघितलं. "आन् बाई चालवतीया व्हय! मग झालंच."

लोक जमले. मामंजी दार उघडून खाली उतरले. मला वाटलं, आता ते त्याला झापणार. त्यांनी फेटा सारखा केला आणि सगळ्या कट्ट्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "बाईमाणूस हाय. पायात जोर न्हाई. आमचंच चुकलं."

पानाच्या दुकानावर सून त्यांची असायची. म्हशीपुढं मी नुसतं बाईमाणूस झाले. त्या माणसाबद्दल मला जो काही आदर होता तो त्या कट्ट्यावर दुधाबरोबर सांडला, आणि तो भरून घ्यायची इच्छा मला आजतागायत झालेली नाही. घरी पोचल्यावर त्यांनी हात पुढं केला. मी चावी दिली. ती त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात टाकली.

त्या रात्री जेवणं झाल्यावर सोप्यावर चौकशी बसली. आरोपी मी. तीन न्यायाधीश, आणि तिघांनी मिळून अकलेचे जे तारे तोडले त्यांनी आढ्यापर्यंत उजेड पडला असेल. ह्यांचं म्हणणं, स्त्रियांच्या मेंदूकडून पायाकडे निरोप पोचायला वेळ लागतो, हे शास्त्र आहे. कुठलं शास्त्र ते त्यांनी सांगितलं नाही, डोळे मिटले. दिरांचं म्हणणं, मांडी. "बैठका काढा, वैनी. मांडी भरली की गाडी काय, हत्ती थांबतोय." मामंजींचं म्हणणं, घोडं बाईची मांड ओळखतं आणि चेकाळतं. ही गाडी आहे, घोडं नव्हे, असं मी म्हटलं. त्यावर ते म्हणाले, "तेच की. घोड्यापेक्षा दांडगं जनावर."

एवढा वेळ गाडी अंगणात उभी होती, दहा पावलांवर. तिघांपैकी एकानंही उठून, आत बसून, ते पेडल एकदा दाबून बघितलं नाही.

"मी बघते काय झालंय ते," मी म्हटलं.

"तू हात लावायचा न्हाई," मामंजी म्हणाले. विषय मिटला.

रविवार आला. मी चावी मागितली. मामंजींनी न ऐकल्यासारखं केलं. ह्यांना म्हटलं, यष्टीनं माझ्याबरोबर चला. हे म्हणाले, एक रविवार नाही गेलीस तर काय आकाश कोसळतंय. कोडोलीच्या एका भाजीवाल्याबरोबर मी निरोप पाठवला की येत नाही. का येत नाही ते सांगितलं नाही. निरोप घेऊन तो गेला. आई दाराशी कान लावून बसली असेल हे मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी हे कोर्टात गेले, दीर रानात गेले आणि मामंजी जेवून घोरायला लागले. मी पदर खोचला आणि अंगणात गेले. ब्रेक तपासायला चावी लागत नाही. हे त्या तिघांना ठाऊक नव्हतं, नाहीतर त्यांनी गाडीलाच कुलूप घातलं असतं.

वडिलांनी शिकवलेलं सगळं मला पाठ होतं. आधी पायाला विचारायचं, असं ते म्हणायचे. पेडल लिबलिबीत लागलं तर नळीत हवा शिरली. दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसायला लागलं तर तेल कुठंतरी गळतंय. आणि पेडल घट्ट असूनही गाडी थांबत नसेल, तर नळ्यांचा नाद सोडायचा आणि चाकांकडे जायचं. मी पेडल दाबून धरलं. घट्ट. तसंच धरून ठेवलं. खाली बसलं नाही. बॉनेट उघडून ब्रेकच्या तेलाची डबी बघितली, भरलेली. वाकून नळ्यांवरून, चाकांच्या आतल्या बाजूंवरून बोटं फिरवली. ओल नाही.

"काय करतीस गं, पोरी?"

सासूबाई पायरीवर उभ्या होत्या. बाई अबोल, नवऱ्यापुढं तर मूग गिळूनच असायच्या. त्या काही मला चहाडी करणाऱ्यातल्या वाटत नव्हत्या.

"ब्रेक बघते, आत्याबाई. या, जरा जोर लावा."

मी हँडब्रेक ओढला आणि आम्ही दोघी मागून गाडी ढकलायला लागलो. सासूबाईंनी हसत हसत का होईना पण चांगला खांदा लावला. गाडी तसूभर हलली नाही. म्हणजे मागच्या चाकांचे ब्रेक शाबूत, कारण हँडब्रेक धरतो तो मागच्यांनाच. राहिली पुढची दोन चाकं. उतारावर थांबायचा मोठा भार त्यांच्यावरच असतो, नुसत्या मागच्यांनी भरलेली गाडी पायाच्या ब्रेकवर थांबत नाही.

मागच्या चाकांना दगड लावले आणि जॅक लावून पुढचं एक चाक अधांतरी उचललं. आता आत बसून ब्रेक दाबायला माणूस हवं होतं. सासूबाईंनी आधी घराकडे बघितलं. आतून घोरण्याचा आवाज येत होता. मग त्या नऊवारीचा काचा आवरून आत स्टिअरिंगच्या चाकामागं जाऊन बसल्या. जन्मात पहिल्यांदा. चाक दोन्ही हातांनी असं धरलं की जणू कुणी हिसकावून घेईल.

"दाबा," मी म्हटलं.

"दाबलाय."

मी अधांतरी चाकाला हात घातला आणि ओढलं. ब्रेक दाबलेला असला की ते चाक भिंतीसारखं हवं. ते रहाटासारखं गरागरा फिरलं.

"आत्याबाई, दाबलाय ना?"

"दाबलाय की गं! गुडघा मोडंल आता माझा!"

मी चाक काढलं. त्याच्यामागं पातेल्यासारखा लोखंडी ड्रम असतो. आत दोन कमानी असतात, त्यांवर जाड पट्टे. ब्रेक दाबला की कमानी फाकतात, पट्टे ड्रमला आतून घासतात आणि गाडी थांबते. सगळी करामत त्या कोरड्या घासण्यात आहे. ड्रमचे स्क्रू मी काढायला गेले तर ते नुकतेच कुणीतरी काढून बसवलेले, खाचांवर ताजे ओरखडे. ड्रम ओढला, तो चटकन हातात आला.

आत तेल होतं. पुसटसं नव्हे, चांगलं माखलेलं. पट्टे तेल पिऊन काळे पडलेले. कमानींवर हळद. हळदीवर कुंकू. आणि खालच्या बाजूला, करपून काळ्या झालेल्या, झेंडूच्या पाकळ्या.

सासूबाई उतरून माझ्या शेजारी येऊन वाकल्या. त्यांनी वास घेतला. "ह्योच की गं वास! कडाकण्यांचा!" मग त्यांनी कुंकवाला बोट लावलं, बोट बघितलं, आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. हसता हसता खाली अंगणातच बसल्या. त्यांना तसं हसताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

दुसरं पुढचं चाक काढलं. तिथंही तसंच. मागची चाकं मात्र वाचली होती. त्यांचे ड्रम घट्ट बसतात, साध्या हातानं निघत नाहीत, म्हणून त्यांची पूजा बाहेरूनच उरकली होती. गाडीत बसलेल्या सगळ्यांचा जीव त्या एवढ्या अडचणीवर वाचला होता.

मामंजी उठून सोप्यावर चहाला बसले तेव्हा मी तो ड्रम त्यांच्यापुढं पाटावर ठेवला. हे कोर्टातून आले होते, दीरही आले. मी जास्त बोलले नाही. बोट फिरवलं, तेल दाखवलं, पाकळी दाखवली.

ह्यांनी चष्मा लावून पाकळी निरखली आणि म्हणाले, "ही पाकळी पूजेचीच आहे हे सिद्ध करावं लागेल." दीर छताकडे बघत राहिले. ठोकाठोकी त्यांनीच केली होती.

मामंजी जराही वरमले नाहीत. "मीच लावलंय तेल," ते म्हणाले. "खिंकाळत होतं, बंद झालं का न्हाई? आन् ब्रेकला तेल लागतंय, गाडीबरोबर आलेल्या त्या पुस्तकातच लिवलंय की."

"ते नळ्यांतून जायचं तेल वेगळं, मामंजी. ते पेडलाचा जोर चाकापर्यंत नेतं. इथं पट्ट्यांवर थेंबसुद्धा चालत नाही. घासलं तरच थांबतं ते."

"खंडेनवमीचं तेल हाय ते," ते म्हणाले. "त्यानं आजवर कुणाचं वाईट झालेलं न्हाई. तलवारीला लावतोय, काय झालं तलवारीला? पायात जोर पायजे, बास." आणि दिरांकडे वळले. "उद्या तू चालीव. दाव हिला."

दिरांना चालवता येत होती ती मित्राच्या जीपवर पटांगणात दोन फेऱ्या मारण्याइतकी. मी म्हटलं, उतारावर नेऊ नका, वेगात नेऊ नका, खरं म्हणजे नेऊच नका. मी काही एवढी वाईट नव्हते की गप्प राहून गंमत बघावी. दिरांनी मांडीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी दिरांनी ड्रम आणि चाकं तेलासकट होती तशी परत बसवली आणि ते मामंजींना घेऊन गडमुडशिंगीच्या शेताकडे गेले. परत आले ते बैलगाडीतून. मामंजींच्या फेट्यापासून जोड्यापर्यंत शेणखत. वळणावर दिरांनी ब्रेक दाबला होता, तालमीतल्या सगळ्या बैठका लावून दाबला होता, आणि गाडी सरळ रस्ता सोडून एका उकिरड्यात नाकापर्यंत घुसली होती. उकिरडा ओला आणि मऊ होता म्हणून दोघं धड होते. मामंजी बैलगाडीतून उतरता उतरताच पेठेला ऐकू जाईल असे गरजले:

"आरं, गाडीला ब्रेकच न्हाई!"

तीच गाडी. तेच चाक. तेच तेल. माझ्या पायाखाली असताना पायात जोर नव्हता. पोराच्या पायाखाली गेल्याबरोबर गाडीत खोट निघाली. रात्री सोप्यावर पुन्हा बैठक झाली, पण ह्या वेळी चौकशी नव्हती, दिरांचं कौतुक होतं. केवढ्या हिकमतीनं पोरानं गाडी उकिरड्यातच घातली, विहिरीत नाही घातली! ह्यांनी तर त्याला प्रसंगावधान म्हटलं. मी भाकरी वाढत होते. मला त्या तिघांचा राग येत नव्हता. राग यायला समोरच्याला थोडीतरी किंमत द्यावी लागते.

सासूबाई मध्येच म्हणाल्या, "मग दसऱ्याला हिनं थांबवली कशी?"

मामंजींनी ताक मागितलं.

उकिरड्यातून गाडी बैलांनी ओढून काढली. शाहूपुरीतला मिस्त्री आला. त्यानं ड्रम उघडून बघितलं, हळदकुंकू बघून नमस्कार केला, आणि तेल प्यालेले पट्टे काढून नवे बसवले. पट्टे तेलकट झाले होते, हे त्यानं ह्यांना समजावून सांगितलं. ह्यांनी डोळे मिटून मान हलवली आणि म्हणाले, "मला तोच संशय होता."

मला वाटलं, संपलं. आता चावी येईल. शनिवारी मामंजींनी बंडीतून चावी काढली, आणि दिरांच्या हातावर ठेवली.

"आता ब्रेक चांगलं झाल्यात," ते म्हणाले. "आता घरातला गडी चालवंल. सुनेनं मागं बसावं." आणि दुकानातून छिटाचे पडदे आणून त्यांनी गाडीच्या मागच्या काचांना लावून घेतले. गाडी धोक्याची होती तोवर ती मी चालवायची. ती चांगली झाली तेव्हा घराण्याला रीत आठवली. माझ्याच हातानं मी त्यांना दाखवून दिलं होतं की गाडीत काय बिघडलंय, आणि त्या दुरुस्त गाडीत माझी जागा पडद्याआड होती.

रविवारी दिरांनी मला कोडोलीला नेलं. मी मागं, पडद्यात. रस्ताभर ऊस वाऱ्यानं हलत असणार. मला छिटावरची फुलं दिसत होती. प्रत्येक बैलगाडीमागं दीर खाडकन ब्रेक मारायचे आणि माझं डोकं पुढच्या सीटच्या पाठीवर आपटायचं. आईच्या दारात त्यांनी गाडी अशी उभी केली की जोत्यावरची घागर हलली.

आई बाजेवर उठून बसली होती, मान दाराकडे.

"आज गाडी कुणी आणली?" तिनं विचारलं.

"धाकट्या दिरांनी. का गं?"

"दारात यून आपटली. तू आलीस की मला गाडी थांबल्याली कळतच न्हाई. कडी वाजती, मग कळतंय." तिनं हातानं चाचपून माझा हात धरला. "तुला येत न्हाई व्हय आता?"

मी चूल पेटवायला आत गेले. तिला न्हायला घातलं, केस विंचरले, लुगडी रचली. ती वडिलांच्या गाडीचं काहीबाही बोलत राहिली. मी हूं हूं म्हणत राहिले. तिचं जेवण झालं, ती आडवी झाली, आणि मी बाहेर आले.

दीर पुढच्या सीटवर मान टाकून झोपले होते. चावी गाडीलाच होती. मी दार उघडलं.

"भावजी, मागं बसा."

ते दचकून उठले. "वैनी, आबा काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू देत. तुम्ही मागं बसा आणि पडदा ओढून घ्या. लोक बघतात."

एवढा दांडगा पैलवान, पण उतरला, मागं गेला आणि बसला. पडदाही ओढून घेतला.

पेठेत शिरले तेव्हा अजून ऊन होतं. मामंजी सोप्यावर होते. मला चाकामागं बघून उठून उभे राहिले. मी उतरले आणि मागचं दार उघडलं. पडदा सारून दीर बाहेर आले. मामंजींनी माझ्याकडे न बघता त्यांना विचारलं, "ब्रेक चांगलं हाईत न्हवं?"

"चांगलं हाईत, आबा," दीर म्हणाले आणि घाईनं आत गेले.

चावी मी कनवटीला खोचली होती. मामंजींचा हात पुढं आला नाही. मीही थांबले नाही. स्वयंपाकाची वेळ झाली होती.

पुढच्या रविवारी मी एकटी कोडोलीला गेले. दारात गाडी उभी केली, उतरले, कडी वाजवली. आतून आई म्हणाली, "आलीस?"